अर्ध्या अक्षराचं नाणं

‘काका, यात फुल लेजंड एखादं आहे का?’

पुण्यातल्या एका नाणे प्रदर्शनात हा प्रश्न माझ्या शेजारून आला. विचारणारा अकरावी-बारावीतला मुलगा. एका हातात भिंग, दुसऱ्या हातात मोबाईल. टेबलावर तांब्याच्या शिवराई नाण्यांचा ढीग होता आणि तो एकेक उचलून, दोन्ही बाजू बघून, परत टाकत होता. ‘छ कट.’ ‘डॉट्स नाहीत.’ ‘वीक स्ट्राइक.’ एका नाण्याला जेमतेम पाच सेकंद. दोन-दोनशे वर्षांपूर्वी बाजारात हातोहात फिरलेला पैसा, आणि त्याचा निकाल रील सरकवण्याच्या वेगाने लागत होता.

विक्रेत्याला हे नवीन नव्हतं. त्याने टेबलाखालून प्लास्टिकची डबी काढली. ‘फुल लेजंड आहे ना. पण त्याचा भाव वेगळा.’

मला त्या मुलाचा राग आला नाही. यायचा अधिकारच नाही, कारण बारा वर्षांपूर्वी अशाच एका टेबलाशी मी उभा होतो आणि हेच शब्द माझ्या तोंडात होते. राग आहे तो त्या शब्दांचा. ते आपण कुठून उचलले, कशासाठी तयार झाले होते आणि आपण कशावर वापरतोय, याचा विचार न करता आपण ते वापरतो, याचा.

माझं म्हणणं सरळ आहे. छाप किती पूर्ण उमटली यावरून नाण्याची प्रत ठरवण्याची जी पद्धत अमेरिकेत यंत्रावर पाडलेल्या नाण्यांसाठी रुजली, ती हाताने ठोकलेल्या नाण्यांना लावणं चूक आहे. आणि ही चूक निरुपद्रवी नाही. तिच्यामुळे आपली खरी नाणी टाकाऊ ठरतात आणि खोटी नाणी डबीत बसून चढ्या भावाने विकली जातात.

नाणं कसं जन्माला येतं ते आधी बघू, कारण सगळा घोळ तिथे आहे.

दोन ठसे असतात, एक खालचा, एक वरचा. त्यांच्यावर अक्षरं आणि चित्रं उलटी, खोल कोरलेली. मधे धातूची कोरी चकती ठेवायची आणि जोराने दाब द्यायचा. दाबाखाली धातू पसरतो आणि ठशातल्या खोलगट जागांमध्ये शिरतो. तो सगळीकडे नीट शिरला तर चित्रातला केस न् केस उमटतो. नाही शिरला तर काही जागा सपाट राहतात. याला संग्राहक ‘स्ट्राइक’ म्हणतात. आपण छाप म्हणू.

छाप कच्ची राहण्याची कारणं बरीच. दाब कमी पडला. ठसे जास्त दिवस टिकावेत म्हणून टांकसाळीने दोघांमधलं अंतर मुद्दाम थोडं वाढवून ठेवलं. ठसा हजारो नाणी पाडून झिजला. चकती फार कडक निघाली. किंवा चित्रकारानेच दोन्ही बाजूंना नेमक्या समोरासमोर खोल जागा ठेवल्या, त्यामुळे दोन्हीकडे पुरेल इतका धातूच मधे नव्हता. कारण कुठलंही असो, हा दोष नाण्याच्या जन्माचा आहे. त्या नाण्याने अजून बाजार पाहिलेलाही नाही.

झीज ही वेगळी गोष्ट. ती जन्मानंतरची. हात, खिसे, कनवटी, गल्ले, पेट्या यांतून फिरताना नाण्याचे उंचवटे घासले जातात.

अडचण अशी की कच्ची छाप आणि झीज दोन्ही दिसतात सारख्याच, आणि दिसतात बहुतेक त्याच जागी, म्हणजे चित्राच्या सगळ्यात उंच भागावर. तिथे सपाटपणा असतो. फरक ओळखायचा तर नाणं एका दिव्याखाली हळूहळू तिरकं करत बघायचं. टांकसाळीतून ताज्या आलेल्या नाण्यावर एक झळाळी असते, तिरकं केलं की ती चाकाच्या आऱ्यांसारखी फिरते. कच्च्या छापेच्या जागी ती झळाळी सलग राहू शकते आणि मूळ कोऱ्या चकतीवरचे बारीक खड्डेही कधीकधी तिथे तसेच दिसतात. झिजलेल्या जागी झळाळी तुटते आणि धातू मंद, करडा दिसतो. हे मोबाईलच्या टॉर्चवरही जमतं. पण त्याला पाच सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागतो.

म्हणजे एकाच नाण्याच्या दोन कहाण्या आहेत. टांकसाळीत काय झालं ही एक, आणि लोकांच्या हातात काय झालं ही दुसरी. ग्रेडिंगने या दोन्ही कहाण्या एका आकड्यात कोंबल्या.

तो आकडा आला कुठून? १९४९ साली विल्यम शेल्डन नावाच्या अमेरिकन माणसाने जुन्या सेंट नाण्यांवर एक पुस्तक लिहिलं आणि त्यात १ ते ७० अशी मोजपट्टी दिली. कल्पना अशी होती की जेमतेम ओळखू येणारं नाणं १ रकान्यात, अगदी निर्दोष नाणं ७० मध्ये, आणि किंमतही त्याच प्रमाणात सत्तर पट. १७९३ ते १८१४ मधल्या तांब्याच्या सेंटसाठी, त्या वेळच्या बाजारभावावर बेतलेला हा हिशेब होता. भाव बदलले, हिशेब मोडला, पण आकडे राहिले. १९७०च्या दशकात अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशनने ते सगळ्याच नाण्यांना लावले. १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या कंपन्या सुरू झाल्या. त्यांनी नाणं तपासून, आकडा देऊन, प्लास्टिकच्या बंद कवचात घालून परत द्यायला सुरुवात केली. आज ‘स्लॅब’ म्हणतात ते हेच.

शेल्डनबद्दल आणखी दोन गोष्टी सांगतो, त्या टाळून पुढे जाणं मला जमत नाही. तो पेशाने मानसशास्त्रज्ञ होता आणि माणसांच्या शरीरांनाही त्याने असेच आकडे दिले होते. तीन प्रकारची शरीरं, प्रत्येक प्रकाराला १ ते ७ गुण, आणि त्यावरून माणसाचा स्वभाव सांगायचा. ते शास्त्र पुढे टिकलं नाही. दुसरी गोष्ट, न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातली उत्तम सेंट नाणी काढून त्यांच्या जागी त्याने आपली हलकी नाणी ठेवली होती, हे नंतर उघडकीस आलं. माणूस वाईट म्हणून मोजपट्टी वाईट, असं मी म्हणत नाही. पण ही मोजपट्टी देवाघरून आलेली नाही, एवढं तरी लक्षात ठेवू या.

आता या मोजपट्टीत छापेचं काय होतं ते बघा. ६० ते ७० हे आकडे न वापरलेल्या, ‘मिंट स्टेट’ नाण्यांसाठी. तिथे झीज नाहीच, म्हणून मग ओरखडे, झळाळी, एकूण रूप आणि छाप यांवर नंबर ठरतो. ६५च्या पुढे कच्ची छाप जड जाते. एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण बाजाराला आणखी बारीक चाळणी हवी होती. मग काही नाण्यांतली एकच जागा निवडून तिला वेगळी पदवी देण्यात आली.

अमेरिकेचं १९१६ ते १९४५ मधलं दहा सेंटचं चांदीचं नाणं घ्या, ज्याला ‘मर्क्युरी डाइम’ म्हणतात. व्यास अठरा मिलिमीटरहूनही कमी. मागच्या बाजूला काठ्यांची जुडी आणि तिच्यात कुऱ्हाड, हे जुनं रोमन सत्तेचं चिन्ह. जुडी पट्ट्यांनी बांधलेली. मधल्या दोन पट्ट्यांमध्ये एक बारीक फट आहे. ती फट आरपार दिसली तर नाणं ‘फुल बँड्स’. नाही दिसली तर नाही.

१९४५ मध्ये फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने ही नाणी जवळजवळ सोळा कोटी पाडली. ती आजही चांगल्या स्थितीत मुबलक मिळतात. पण त्या वर्षीच्या त्या टांकसाळीच्या नाण्यांत ही फट जवळपास कधीच दिसत नाही. परिणाम काय? सारख्याच ग्रेडची दोन नाणी, एक शंभर डॉलरच्या आतलं आणि एक हजारो डॉलरचं. मधे अंतर एका केसाएवढ्या फटीचं.

अशीच पदवी जेफरसन निकेलवरच्या घराच्या पायऱ्यांना आहे, फ्रँकलिन अर्ध्या डॉलरवरच्या घंटेच्या रेघांना आहे आणि पाव डॉलरवर उभ्या असलेल्या लिबर्टीच्या डोक्याला आहे. यातली गंमत म्हणजे ती एक जागा पूर्ण असली की बाकीचं पूर्ण असेलच असं नाही. ‘फुल हेड’ पदवी मिळालेल्या पाव डॉलरवर लिबर्टीच्या ढालीवरचे खिळे सपाट असू शकतात. डोकं पास, ढाल नापास, तरी निकाल डिस्टिंक्शन.

तरीही न्यायाने बोलायचं तर यंत्रावरच्या नाण्यांना असा निकष लावण्यामागे एक तर्क आहे. ठसे एकसारखे, चकत्या एकाच वजनाच्या, दाब ठरलेला, भोवती कडं, म्हणजे नाणं बाहेर पसरणार नाही आणि ठसा बरोबर मध्यावर बसणार. टांकसाळीच्या डोळ्यांसमोर एक आदर्श नाणं असतं आणि प्रत्येक नाणं त्याच्या किती जवळ गेलं हे मोजता येतं. तिथेसुद्धा तारतम्य लागतं. १९२१चा पीस डॉलर इतक्या उंच उठावाचा होता की लिबर्टीच्या केसांचा मधला भाग सहसा नीट उमटतच नसे. १९२२ मध्ये टांकसाळीने तो उठाव कमी केला. त्यामुळे १९२१च्या नाण्याकडून १९२२च्या नाण्यासारखी अपेक्षा करणारा तज्ज्ञ नव्हे, हे अमेरिकेतले जाणकारही सांगतात. म्हणजे कोणत्या नाण्याकडून काय मागायचं हे त्याच्या जन्मावरून ठरवायला हवं, हे त्यांनाही पटतं.

मग आपण शिवराईकडून काय मागतोय?

१६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला आणि सोन्याचा होन व तांब्याची शिवराई निघाली. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्रपति’, भोवती ठिपक्यांचं वर्तुळ. हीच अक्षरं घेऊन शिवराई पुढे एकोणिसाव्या शतकापर्यंत निघत राहिली. पेशवाईत खासगी लोकांनाही परवाने देऊन ती पाडून घेतली जाई. म्हणून तर तिची इतकी रूपं आहेत. कुठे ‘शिव’, कुठे ‘सिव’, कुठे वेलांटी ऱ्हस्व, कुठे दीर्घ, कुठे मधे दोन आडव्या रेघा, ती दुदांडी.

ती पाडायची कशी? तांब्याची चकती, खालचा ठसा पक्का बसवलेला, वरचा ठसा हातात, आणि हातोडा. भोवती कडं नाही. शिवाय ठसा बहुधा चकतीपेक्षा मोठा असे. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही आहे, म्हणून परत सांगतो: ठसा चकतीपेक्षा मोठा असे. म्हणजे संपूर्ण मजकूर, दोन्ही बाजूंची ठिपक्यांची पूर्ण वर्तुळं एकाच नाण्यावर उतरणं बऱ्याचदा शक्यच नव्हतं. धातू कमी पडला म्हणून अक्षर सपाट राहिलं, असा हा प्रकार नाही. ते अक्षर ठशावर होतं, कारागिराने हातोडा नीट मारला होता, पण त्या अक्षराखाली तांबंच नव्हतं. याला कच्ची छाप म्हणणं म्हणजे ताटात न मावलेल्या भाकरीला कच्ची म्हणण्यासारखं आहे.

मोगल रुपयांचं हेच. मराठी मुलखात शाह आलमच्या नावाने निघालेल्या अंकुशी रुपयांचं, चांदवडच्या चांदोरी रुपयांचं हेच. फारसी मजकुराचा एक तुकडा नाण्यावर, बाकीचा हवेत.

त्या काळच्या लोकांना नाणी पारखता येत नव्हती असंही नाही. उलट आपली अर्धी भाषा सराफाच्या पेढीवर घडली आहे. खणखणीत नाणं, बंदा रुपया, नावाला बट्टा. बट्टा म्हणजे नाणं बदलून देताना सराफ कापून घ्यायचा ती रक्कम. ती ठरायची वजनावर, धातूच्या कसावर, टांकसाळीवर, नाण्याच्या वयावर. अक्षर चकतीबाहेर जाणं हे तर रोजचंच होतं. सराफ नाणं दगडावर वाजवून बघे. आपण त्याचा फोटो झूम करून बघतो आणि स्वतःला त्याच्याहून चोखंदळ समजतो.

आता माझी गोष्ट. आमच्या देवघरात एक पितळी डबी होती. तिच्यात लक्ष्मीपूजनाला काढायचे पाच चांदीचे रुपये आणि एक शिवराई. आजी तिला ‘ढब्बू’ म्हणायची. तिच्या सासूने तिला दिलेली. एका बाजूला ‘श्री’, ‘रा’ आणि ‘शि’ची नुसती वेलांटी. दुसऱ्या बाजूला ‘त्र’ आणि ‘ति’. कडेला एक चीर. मी तेव्हा नुकता नाण्यांच्या नादी लागलो होतो, ग्रेडिंगचे व्हिडिओ बघत होतो आणि घरातल्या एकमेव शिवराईची मला लाज वाटत होती. एका प्रदर्शनात एका विक्रेत्याकडे डबीतली शिवराई पाहिली. सगळी अक्षरं, सगळे ठिपके. मी आजीची शिवराई आणि वर साठवलेले पैसे देऊन ती घेतली.

घरी येऊन आजीला दाखवली. तिने हातात घेतली, अंगठा फिरवला.

‘ही आपली नाही रे.’

‘आजी, आपली अर्धी होती. ही पूर्ण आहे.’

‘अर्धी कुठे होती? वेलांटी हाताला लागायची की.’

ती पुढे काही बोलली नाही. त्या दिवाळीला डबीतून फक्त पाच रुपये बाहेर काढले.

दोन वर्षांनी दुसऱ्या शहरातल्या प्रदर्शनात माझी ती पूर्ण शिवराई मला पुन्हा दिसली. म्हणजे माझी माझ्या खिशात होती, आणि ही दुसरी टेबलावर. तीच अक्षरं, हे ठीक आहे, एका ठशातून अनेक नाणी निघतात. पण कडेचा तोच वेडावाकडा आकार, आठाच्या काट्यावर तीच छोटी भेग, ‘छ’च्या पोटात तोच खड्डा. हातोड्याने ठोकलेल्या दोन नाण्यांचा बाह्याकार, भेग आणि खड्डा कधीच एकसारखा नसतो. एक कुठलं तरी नाणं साच्यात दाबून तांबं ओतून ही भावंडं काढली होती. नंतर भिंगाखाली बघितलं तर पृष्ठभागावर बुडबुड्यांचे टोचे आणि कडेला घासून लपवलेली सांध्याची रेघ. हे मी आधी बघू शकलो असतो. बघितलं नाही, कारण माझा सगळा जीव अक्षरं मोजण्यात होता.

मुद्दा माझ्या मूर्खपणाचा नाही. मुद्दा असा आहे की बाजाराने ज्याला जास्त पैसे द्यायचे ठरवलं, तेच तो बाजार तयार करून देतो. आपण झीज कमी मागितली असती तर फसवणाऱ्याने नाणी चकचकीत केली असती, आणि तेही होतंच. पण आपण पूर्ण अक्षरं मागतो. ती तर फारच सोपी. ओतीव नाणं काढणारा कशाला अर्ध्या अक्षराचा साचा करेल? तो सगळ्यात भरलेलं नाणं शोधणार आणि त्याच्या शंभर प्रती काढणार. जुन्या खऱ्या नाण्यावर अस्पष्ट अक्षराभोवतीचं तांबं कोरून अक्षर उठावदार करणारेही आहेत. ते नाणं खरं असतं, त्याच्यावरचं अक्षर मात्र कालपरवाचं. खोट्याला आपण निकष लिहून दिलाय आणि खऱ्याला त्याच निकषावर नापास करतोय.

दुसरं नुकसान डोळ्यांना दिसत नाही. ठसा चकतीपेक्षा मोठा असल्यामुळे तो संपूर्ण कसा होता हे एका नाण्यावरून कळतच नाही. अभ्यासक काय करतात? एकाच ठशाची पाच-सहा अपुरी नाणी शेजारी ठेवतात. एकावर डावी बाजू आलेली, एकावर उजवी, एकावर खालचे ठिपके. ती जुळवून ठसा पुन्हा उभा करतात. किती ठसे होते, कोणतं वळण कुठल्या वळणानंतर आलं, एका टांकसाळीची कामं कोणती, हे सगळं या अपुऱ्या नाण्यांतून उलगडतं. आपण ज्यांना ढिगात परत टाकतो, तेच या कोड्याचे तुकडे आहेत. ढिगातली नाणी कुणी घेईना झाली की ती जातात कुठे? तांब्याला मोडीचा भाव असतोच.

यावर मला नेहमी तीन उत्तरं मिळतात.

पहिलं: ‘दुर्मीळ ते महाग, यात चूक काय?’ काहीच नाही. पूर्ण मजकुराची अस्सल शिवराई खरोखर विरळ आहे, तिला जास्त पैसे द्या, मीही देईन. ज्या मोगल रुपयावर टांकसाळीचं नाव आणि साल दोन्ही उतरलंय, तो जास्त मोलाचा आहे, कारण तो जास्त सांगतो. पण मग ते मोल साक्षीपुराव्याचं झालं. त्यावरून बाकीच्यांना ‘वीक’ म्हणण्याचा परवाना मिळत नाही. जास्त बोलणारा साक्षीदार उपयोगी असतो, म्हणून कमी बोलणारा खोटा ठरत नाही.

दुसरं: ‘एक आकडा असला की नवख्या माणसाची फसवणूक टळते.’ माझी नाही टळली. एक आकडा म्हणजे विचार करायची जबाबदारी दुसऱ्यावर टाकणं, आणि जिथे आकडा देणारा जाणकार नाही तिथे तो आकडा विक्रेताच देतो. आपल्याकडे व्हॉट्सॲप ग्रुपवर येणारी ‘एक्सएफ, फुल स्ट्राइक’ ही बिरुदं कोणी दिलेली असतात? विकणाऱ्याने. आणि परदेशी कंपनीचा शिक्का हवाच म्हणाल, तर १९७२च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं हा पुरावशेष आहे, तो खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे शिवराई पारखायला इथलेच डोळे तयार व्हायला हवेत.

तिसरं: ‘मग काय, कसंही नाणं चांगलंच म्हणायचं?’ अजिबात नाही. हाताने ठोकलेल्या नाण्यांतही चांगली-वाईट छाप असते. दोनदा हातोडा पडून अक्षरं दुहेरी झालेली असतात, फुटका ठसा असतो, उथळ ठोका असतो. ते लिहायलाच हवं. फक्त ते वेगळं लिहा.

आणि हे काही मी नव्याने सांगत नाही. एनजीसी ही अमेरिकन कंपनीच प्राचीन ग्रीक-रोमन नाण्यांना छापेचे पाचपैकी गुण वेगळे देते आणि पृष्ठभागाचे पाचपैकी वेगळे. कारण अथेन्सच्या घुबडाचं नाणं हाताने ठोकलेलं आहे, त्यावरचा शिरपेच अनेकदा चकतीबाहेर जातो आणि त्यात नाण्याचा दोष नाही, हे तिथे मान्य आहे. अथेन्सला जी सवलत, ती रायगडला का नको? हातोडा तर दोन्हीकडे हातोडाच होता.

म्हणून तुम्ही नाणी जमवत असाल, किंवा आजोबांच्या पेटीतलं एखादं नाणं विकायला काढलं असेल, तर माझी विनंती आहे की आकडा बाजूला ठेवा आणि चार ओळी लिहा. एक, छाप: कोणती अक्षरं उतरली, कोणती चकतीबाहेर गेली, ठोका खोल की उथळ. दोन, झीज: उतरलेल्या अक्षरांपैकी किती घासली. तीन, पृष्ठभाग: कोणी घासलंय, कोरलंय, सराफाची खूण आहे का. चार, वजन आणि कड. या चार ओळी लिहायला पाच मिनिटं लागतात. त्या लिहिताना नाणं खरं की ओतीव हे बहुतेक वेळा तुमचं तुम्हालाच कळतं, कारण तोवर तुम्ही त्याच्याकडे खरोखर बघितलेलं असतं. भाव त्यानंतर ठरवा.

त्या दिवशी प्रदर्शनात मी त्या मुलाला ढिगातली दोन नाणी शेजारी ठेवून दाखवली. एकावर ‘छ’ची डावी बाजू, दुसऱ्यावर उजवी. त्याने भिंग लावलं, बराच वेळ लावलं. मग म्हणाला, ‘काका, पण यांचा ठसा एकच आहे हे कसं कळणार?’ मी म्हटलं, ‘बघत बसायचं.’ त्याने डबीतलं नाणं घेतलं की ढिगातली दोन घेतली, ते मला ठाऊक नाही. मी तोवर पुढच्या टेबलावर गेलो होतो.

मी दरवर्षी अशी प्रदर्शनं फिरतो आणि प्रत्येक ढीग चाळतो. ज्याला दिली त्या विक्रेत्याने ती तेव्हाच कुठे तरी ढिगात टाकली असणार. आजी गेली, डबी माझ्याकडे आहे, तिच्यात पाच रुपये आहेत. सगळी अक्षरं असलेली शिवराई मला हजारांत ओळखता आली नसती. आमची ओळखता येईल. ‘श्री’, ‘रा’, पुढे नुसती वेलांटी, आणि कडेला एक चीर. सापडली तर भाव करणार नाही.